पाठिंब्याची बेरीज आणि मतांची बेरीज : मावळच्या निवडणुकीचा धडा

२३ नोव्हेंबर २०२४ रोजी मावळ विधानसभा मतदारसंघाची मतमोजणी पूर्ण झाली. राष्ट्रवादी काँग्रेस पक्षाचे उमेदवार सुनील शेळके यांना १,९१,२५५ मते मिळाली, तर अपक्ष उमेदवार बापूसाहेब भेगडे यांना ८२,६९० मते मिळाली. विजयाचे अंतर १,०८,५६५ मतांचे होते. केवळ आकडे पाहणाऱ्यास ही एक साधी, एकतर्फी निवडणूक वाटेल. परंतु पराभूत उमेदवाराच्या मागे कोण कोण उभे होते याची यादी समोर ठेवली, म्हणजे या निकालाचे वेगळेपण ध्यानात येते.

बापूसाहेब भेगडे हे राष्ट्रवादीचेच जुने कार्यकर्ते. २००९ साली त्याच पक्षाच्या उमेदवारीवर ते मावळातून लढले होते. २०२४ मध्ये पक्षाने विद्यमान आमदारांना पुन्हा उमेदवारी दिली, तेव्हा ते अपक्ष म्हणून उभे राहिले. त्यांना भारतीय जनता पक्षाचे माजी राज्यमंत्री संजय ऊर्फ बाळा भेगडे यांनी पाठिंबा दिला. वास्तविक भाजप हा महायुतीत राष्ट्रवादीचा मित्रपक्ष. तरीही तालुक्यातील त्याचे अनेक पदाधिकारी अपक्षाबरोबर गेले. महाविकास आघाडीने मावळात आपला उमेदवारच दिला नाही आणि आपले बळ भेगडे यांच्या पाठीशी उभे केले. महाराष्ट्र नवनिर्माण सेनाही त्यांच्याच बाजूने आली. राज्यात एकमेकांविरुद्ध लढणारे पक्ष एका तालुक्यात एकाच व्यासपीठावर बसले आणि या जुळणीस ‘मावळ पॅटर्न’ असे नाव पडले.

नेत्यांच्या पाठिंब्याची बेरीज एवढी मोठी असताना मतांची बेरीज एवढी लहान का झाली, हा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न आम्हास अधिक महत्त्वाचा वाटतो. हा पाठिंबा कोणत्या धोरणासाठी दिला गेला? पवनेच्या पाण्याविषयी, धरणग्रस्तांविषयी, पर्यटकांच्या सुरक्षिततेविषयी उमेदवाराने कोणता शब्द द्यावा, असे पाठिंबा देणाऱ्यांपैकी कोणी विचारले? एखाद्या व्यक्तीस पाठिंबा देणे व त्या पाठिंब्याच्या बदल्यात लोकहिताची निश्चित भूमिका मिळवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मावळात पहिली गोष्ट भरपूर झाली, दुसरी फारशी झाली नाही. हा भेद नीट समजून घेण्यासाठी, जेथे उमेदवार निवडण्याची प्रक्रियाच जाहीरपणे पार पडते, त्या देशाकडे प्रथम दृष्टी टाकू.

अमेरिकेतील प्रायमरी आणि पाठिंब्याची किंमत

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाचा पक्षाचा उमेदवार कोण असावा, हे ठरवण्यासाठी राज्याराज्यांत ‘प्रायमरी’ म्हणजे पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुका होतात. ही पद्धत आजच्या स्वरूपात फार जुनी नाही. १९६८ साली डेमोक्रॅटिक पक्षाने ह्युबर्ट हम्फ्री यांना उमेदवारी दिली. त्यांनी एकही प्रायमरी लढवली नव्हती. पक्षातील वजनदार मंडळींनीच तो निर्णय घेतला. त्यावर मोठा असंतोष उसळला, नियम बदलण्यासाठी आयोग नेमला गेला आणि १९७२ पासून उमेदवारीची किल्ली मुख्यतः सामान्य मतदारांच्या हाती आली.

किल्ली मतदारांच्या हाती आली तरी नेत्यांच्या पाठिंब्याचे महत्त्व संपले नाही. राज्यपाल, सिनेटर, कामगार संघटना, वृत्तपत्रे आपापला पाठिंबा जाहीर करतात आणि प्रत्येक उमेदवार मतदान सुरू होण्याच्या कितीतरी आधीपासून तो गोळा करू लागतो. २००८ साली चार राज्यशास्त्रज्ञांनी ‘द पार्टी डिसाइड्स’ या ग्रंथात असे मांडले, की मतदानापूर्वी पक्षातील मान्यवरांचा पाठिंबा ज्याच्याकडे एकवटतो, त्यालाच बहुधा उमेदवारी मिळते. २०१६ मध्ये रिपब्लिकन पक्षात या सिद्धांतास धक्का बसला. पक्षातील फारच थोडे पदाधिकारी डोनाल्ड ट्रम्प यांच्यामागे होते, तरीही मतदारांनी त्यांनाच निवडले. नेत्यांची यादी आणि लोकांचे मन यांत अंतर पडले, की काय होते याचे ते मोठे उदाहरण ठरले.

याउलट २०२० सालचे उदाहरण पाहावे. डेमोक्रॅटिक पक्षाच्या पहिल्या तीन लढतींत जो बायडेन मागे पडले होते. २६ फेब्रुवारी रोजी साउथ कॅरोलायना राज्यातील ज्येष्ठ कृष्णवर्णीय लोकप्रतिनिधी जिम क्लायबर्न यांनी त्यांना पाठिंबा जाहीर केला. तीन दिवसांनी झालेल्या तेथील प्रायमरीत बायडेन यांना जवळजवळ निम्मी मते मिळाली आणि स्पर्धेचा रंगच पालटला. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. पाठिंबा जाहीर होण्याच्या आदल्या दिवशी वादसभेत बायडेन यांनी सर्वोच्च न्यायालयावर प्रथमच एक कृष्णवर्णीय स्त्री नेमण्याचे अभिवचन दिले होते आणि त्यासाठी क्लायबर्न यांनीच आग्रह धरला होता. २०२२ साली केतांजी ब्राउन जॅक्सन यांची नियुक्ती झाली व तो शब्द पुरा झाला.

त्याच वर्षी बर्नी सँडर्स स्पर्धेतून बाहेर पडले. त्यांनी बायडेन यांना पाठिंबा दिला, परंतु तो नुसत्या हस्तांदोलनावर थांबला नाही. हवामान, आरोग्य, शिक्षण, अर्थव्यवस्था, न्यायव्यवस्था आणि स्थलांतर या सहा विषयांवर दोन्ही गटांच्या संयुक्त समित्या नेमल्या गेल्या आणि त्यांच्या शिफारशी लेखी प्रसिद्ध झाल्या. हरलेल्या उमेदवाराच्या अनुयायांना आपल्या मतांचे काय झाले, हे कागदावर वाचता आले. अमेरिकेच्या राजकारणात दोष पुष्कळ आहेत. पैशाचा पूर तर सर्वांनाच ठाऊक आहे. तरीही पाठिंब्याला अट जोडण्याची ही रीत आपण लक्षात ठेवावी अशी आहे.

लातूर आणि वर्धा : आपल्याकडील एक प्रयोग

आपल्याकडे उमेदवारी पक्षश्रेष्ठी ठरवतात. मुंबईत आणि दिल्लीत बैठका होतात, याद्या निघतात आणि कार्यकर्त्याला आपला उमेदवार कोण हे दूरचित्रवाणीवरून समजते. ही रीत बदलण्याचा एक प्रयत्न महाराष्ट्रातही झाला होता, हे आज बहुतेकांच्या स्मरणात नाही. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीपूर्वी काँग्रेसचे तत्कालीन उपाध्यक्ष राहुल गांधी यांच्या पुढाकाराने देशातील मोजक्या मतदारसंघांत पक्षाचा उमेदवार अंतर्गत मतदानाने निवडण्यात आला. लातूर व वर्धा हे त्यांपैकी दोन.

लातूर या राखीव मतदारसंघात दत्तात्रय बनसोडे निवडून आले. वर्ध्यात सागर मेघे यांची निवड झाली. ते त्या वेळचे वर्ध्याचे खासदार दत्ता मेघे यांचे पुत्र. लोकसभेच्या प्रत्यक्ष निवडणुकीत दोघेही दोन लाखांहून अधिक मतांनी पराभूत झाले. गुजरातेतील वडोदऱ्यात तर या पद्धतीने निवडलेले नरेंद्र रावत, नरेंद्र मोदी यांची तेथील उमेदवारी जाहीर झाल्यावर, बाजूला झाले आणि पक्षाने मधुसूदन मिस्त्री यांना उभे केले. पुढे हा प्रयोग मागे पडला.

त्या वर्षीच्या लाटेत काँग्रेसचा कोणताही उमेदवार टिकणे कठीणच होते, म्हणून पराभवाचा सारा दोष या पद्धतीवर टाकणे न्याय्य होणार नाही. तथापि तिच्यात एक मूलभूत उणीव होती. मतदानाचा अधिकार पक्षाच्या पदाधिकाऱ्यांना व ठरावीक कार्यकर्त्यांना होता. सामान्य मतदार बाहेरच राहिला. अशा लहान मतदारवर्गात ज्याच्या घराण्याचा किंवा गटाचा संपर्क दांडगा त्याचे पारडे जड होणारच. कोणाचे धोरण काय, याची चर्चा करण्याचे कारण मतदारांनाही उरत नाही आणि इच्छुकांनाही.

मावळची अघोषित प्रायमरी

या पार्श्वभूमीवर मावळकडे पुन्हा वळू. लोणावळ्याच्या घाटमाथ्यापासून तळेगावच्या औद्योगिक वसाहतीपर्यंत आणि पवन मावळ, नाणे मावळ, आंदर मावळ अशा तीन खोऱ्यांत पसरलेला हा मतदारसंघ. १९९५ पासून २०१४ पर्यंतच्या प्रत्येक विधानसभा निवडणुकीत येथे भाजपचा विजय झाला. २००९ व २०१४ मध्ये बाळा भेगडे निवडून आले आणि जून २०१९ मध्ये ते राज्यमंत्री झाले.

त्याच वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत भाजपकडून उमेदवारी मागणाऱ्यांत तळेगावचे नगरसेवक सुनील शेळके हेही होते. पक्षाने विद्यमान राज्यमंत्र्यांनाच पुन्हा संधी दिली. शेळके राष्ट्रवादीत गेले, त्या पक्षाचे उमेदवार झाले आणि १,६७,७१२ मते मिळवून विजयी झाले. बाळा भेगडे यांना ७३,७७० मते मिळाली. भाजपने अंतर्गत मतदान घेतले असते तर कोणाची निवड झाली असती, हे सांगता येत नाही. मात्र पक्षाच्या बंद दालनात न झालेली निवड मतदारांनी उघड्यावर केली, एवढे निश्चित. पाच वर्षांनी राष्ट्रवादीच्या बाबतीत असाच प्रसंग आला. एकाच पक्षातील दोन इच्छुक एकमेकांविरुद्ध मतदारांसमोर उभे राहिले. म्हणूनच या दोन्ही निवडणुकांना आम्ही ‘अघोषित प्रायमरी’ म्हणतो.

मधल्या काळात राष्ट्रवादीचे दोन तुकडे झाले होते. शेळके अजित पवार यांच्याबरोबर राहिले. ७ मार्च २०२४ रोजी लोणावळ्यातील मेळाव्यात शरद पवार यांनी, कार्यकर्त्यांना दमदाटी होत असल्याचे सांगत, शेळके यांना जाहीर इशारा दिला. शेळके यांनी तो आरोप नाकारला. त्या दिवसापासून मावळची लढत व्यक्तीभोवती फिरू लागली. प्रचारात एका बाजूचा भर आमदारांनी आणलेल्या निधीवर व केलेल्या कामांवर, तर दुसऱ्या बाजूचा भर त्यांच्या कार्यपद्धतीवर राहिला. दोन्ही विषय लोकशाहीत गैर नाहीत. परंतु त्यांच्या गलबल्यात पुढील पाच वर्षे काय करावयाचे, हा विषय मागे पडला.

आता बेरीज पाहू. २०१९ मध्ये शेळके यांच्याविरुद्ध भाजपच्या उमेदवारास ७३,७७० मते मिळाली होती. २०२४ मध्ये स्थानिक भाजपचा मोठा गट, महाविकास आघाडीचे पक्ष, मनसे आणि राष्ट्रवादीतील नाराज मंडळी एकत्र येऊनही विरोधी उमेदवाराची मते ८२,६९० झाली. वाढ केवळ ८,९२० मतांची. याच अवधीत शेळके यांची मते २३,५४३ ने वाढली. दोघांना मिळालेल्या मतांची बेरीज केली तर शंभरांतील सुमारे ७० मते एकाकडे गेली.

या निकालास अन्य कारणेही होती, हे नमूद केले पाहिजे. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेचे दरमहा १,५०० रुपये घरोघरी पोहोचले होते. राज्यभर महायुतीची लाट होती. भाजपला १३२, शिवसेनेला ५७ आणि राष्ट्रवादीला ४१ जागा मिळाल्या. तरीही मावळातील अंतर लाटेच्याही पलीकडचे आहे. नेता एका व्यासपीठावरून दुसऱ्या व्यासपीठावर गेला म्हणजे त्याचे मतदारही त्याच्यामागून जातात, हे गृहीतक येथे कोसळले. हाच अनुभव मावळ लोकसभा मतदारसंघाने २०१९ मध्ये दिला होता. तेव्हा अजित पवार यांचे पुत्र पार्थ पवार यांच्यामागे राज्यातील एका बलाढ्य घराण्याचे नाव व सारी यंत्रणा होती; शिवसेनेचे श्रीरंग बारणे २,१५,९१३ मतांनी विजयी झाले.

मतदार कोणाच्या खिशात नाही, ही यातील समाधानाची बाजू. दुसरी बाजू चिंतेची आहे. एवढे पक्ष एकत्र आले, तेव्हा त्यांना एकत्र बांधणारा लेखी कार्यक्रम मतदारांसमोर ठळकपणे आला नाही. अमुक नको, एवढ्यावर एकमत झाले. काय हवे, यावर झाले नाही. आणि जो विजयी झाला त्यालाही, तू अमुक प्रश्नावर असा शब्द दिला होतास, असे विचारण्याची सोय राहिली नाही.

पवनेचे पाणी आणि बदलत्या भूमिका

निश्चित भूमिका न मागण्याची किंमत मावळने रक्ताने चुकवली आहे. पवना धरणापासून पिंपरी-चिंचवड शहरापर्यंत सुमारे ३५ किलोमीटरच्या बंदिस्त जलवाहिनीतून पाणी नेण्याच्या योजनेस पवन खोऱ्यातील शेतकऱ्यांचा विरोध होता. नदीतून वाहणारे पाणी नळात गेले, तर काठावरच्या शेतीचे व गावांच्या पाणीयोजनांचे काय होणार, ही त्यांची शंका होती. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर गावाजवळ द्रुतगती महामार्गावर आंदोलन झाले, पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन शेतकरी मृत्युमुखी पडले. त्यांत एक महिला होती. त्यानंतर योजनेस स्थगिती मिळाली.

त्या वेळी राज्यात काँग्रेस-राष्ट्रवादीचे सरकार होते. भाजप व शिवसेना शेतकऱ्यांच्या बाजूने उभ्या होत्या. पुढे २०१४ मध्ये सत्ता पालटली. २०२३ मध्ये ही स्थगिती उठवण्यात आली, तेव्हा सत्तेत भाजप, शिवसेनेचा एक गट आणि राष्ट्रवादीचा एक गट असे तिघे एकत्र होते. २०११ मध्ये एकमेकांसमोर उभे ठाकलेले पक्ष २०२३ मध्ये एकाच मंत्रिमंडळात बसलेले होते. मग पवनेच्या पाण्याविषयी कोणत्या पक्षाची भूमिका काय, असे पवन मावळातील शेतकऱ्याने कोणाला विचारावे?

पिंपरी-चिंचवडच्या लाखो रहिवाशांनाही पाणी हवे आहे आणि त्यांची गरज खोटी नाही, हे आम्ही जाणतो. म्हणूनच या प्रश्नाचे उत्तर घोषणेत सापडत नाही. खोऱ्यासाठी किती पाणी राखून ठेवणार, नदीत किमान प्रवाह किती सोडणार, धरणासाठी जमिनी देऊन पिढ्या लोटल्या तरी पुनर्वसनाची वाट पाहणाऱ्या कुटुंबांना काय मिळणार, या बाबी आकड्यांत व मुदतीत लिहून द्याव्या लागतात. उमेदवारास असे लिहून देण्यास भाग पाडण्याची वेळ पाठिंब्यापूर्वीची असते. पाठिंबा दिल्यावर, आणि त्याहून निकाल लागल्यावर, मागणाऱ्याच्या हाती काही उरत नाही.

पूल, धबधबा आणि जबाबदारी

आणखी दोन घटनांचा येथे उल्लेख केला पाहिजे. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी, रविवारी, इंदोरीजवळ कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीने कोसळला. चौघांचा मृत्यू झाला व अनेक जण जखमी झाले. नवा पूल मंजूर होता, परंतु त्याचे काम सुरू झालेले नव्हते.

पर्यटनावर लोणावळ्याची हजारो घरे चालतात. चिक्कीच्या दुकानापासून भाड्याच्या गाडीपर्यंत आणि बंगल्यांची देखभाल करणाऱ्या माणसापासून कणसे भाजणाऱ्या बाईपर्यंत प्रत्येकाची चूल पावसाळ्यातील गर्दीवर पेटते. त्यामुळे अपघात झाला, की सरसकट बंदीचा फलक लावणे आणि पाऊस सरला, की तो विसरणे, हे धोरण होऊ शकत नाही. गर्दीची मर्यादा कोण ठरवणार, धोकादायक जागी माणसे कोण नेमणार, जुन्या पुलांची तपासणी दर वर्षी कोण करणार आणि तिचा अहवाल ग्रामसभेपुढे ठेवला जाणार का, अशा प्रश्नांवर प्रत्येक उमेदवाराचे मत निवडणुकीपूर्वी लोकांना कळले पाहिजे. कुंडमळ्यानंतर सर्व पक्षांच्या नेत्यांनी हळहळ व्यक्त केली. हळहळ प्रामाणिक असेलही. धोरण मात्र आधी लागते.

नगराध्यक्ष : आपल्या दारातील अध्यक्षीय निवडणूक

राष्ट्राध्यक्षाच्या थेट निवडणुकीची चर्चा आपल्याला दूरची वाटेल. परंतु आपल्या नगरपरिषदांत नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडला जातो, तेव्हा लहान प्रमाणात तोच प्रकार घडतो. महाराष्ट्रात या नियमाचा लंबक सतत झुलत राहिला आहे. २००१ साली थेट निवडणूक आली, काही वर्षांत ती गेली, २०१६ मध्ये पुन्हा आली, २०२० मध्ये पुन्हा रद्द झाली आणि २०२२ मध्ये तिसऱ्यांदा लागू झाली. सरकार बदलले, की नियम बदलतो; मतदाराचा अधिकारही त्याबरोबर येतो आणि जातो. २०१६ मध्ये लोणावळ्यात भाजपच्या सुरेखा जाधव अशा रीतीने थेट निवडून आल्या होत्या.

त्यांच्या वेळच्या नगरपरिषदेची मुदत संपल्यावर लोणावळ्यात, राज्यातील अन्य अनेक शहरांप्रमाणे, प्रशासकाचा कारभार आला. आरक्षणाच्या न्यायालयीन वादात निवडणुका रखडल्या आणि जवळजवळ चार वर्षे शहराला लोकनियुक्त प्रतिनिधी नव्हता. अखेर २ डिसेंबर २०२५ रोजी राज्यातील नगरपरिषदा व नगरपंचायतींचे मतदान झाले आणि न्यायालयाच्या आदेशामुळे २१ डिसेंबर रोजी मतमोजणी झाली.

थेट निवडणुकीत व्यक्तीचे महत्त्व वाढते. नगरसेवकांच्या बहुमतावर अवलंबून नसलेला नगराध्यक्ष अधिक मोकळेपणाने काम करू शकतो. पण उमेदवार ठरवताना पक्षाने लोकांना विचारले नसेल, तर तोच मोकळेपणा मनमानीकडेही झुकू शकतो. म्हणून थेट निवडणूक जेथे आहे तेथे उमेदवाराची निवडही उघड व्हावी, इच्छुकांनी एकाच व्यासपीठावर येऊन कचरा, पाणी, पार्किंग, बांधकाम परवाने यांवर आपली भूमिका सांगावी, ही अपेक्षा अवाजवी नाही. त्यासाठी कायदा बदलावा लागत नाही. एक सभागृह, एक निष्पक्ष सूत्रसंचालक आणि प्रश्न विचारणारे नागरिक एवढे पुरते.

‘समाजाचा जाहीर पाठिंबा’

निवडणूक जवळ आली, की वृत्तपत्रांत व फलकांवर एक वाक्य हमखास दिसते : अमुक समाजाचा अमुक उमेदवारास जाहीर पाठिंबा. खाली चार-पाच जणांची छायाचित्रे असतात. समाजातील स्त्रियांना, तरुणांना, भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना कोणी विचारलेले असते? कातकरी आणि ठाकर वाड्यांवर तर हा पाठिंबा परस्पर, बाहेरच्या माणसांकडून जाहीर होतो. घराखालच्या जागेचा कागद नाही, जातीचा दाखला मिळत नाही, अशी ज्यांची मागणी, त्यांचे नाव पाठिंब्याच्या पत्रकात येते. मागणी येत नाही.

आपला ख्रिस्ती समाज मावळात संख्येने लहान आहे आणि लहान समाजास असा घाऊक पाठिंबा देण्याचा मोह अधिक होतो. उमेदवार चर्चच्या आवारात येतात, धर्मगुरूंना भेटतात, छायाचित्र निघते आणि दुसऱ्या दिवशी ते फिरू लागते. याविषयी नियम स्पष्ट आहेत. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ अन्वये धर्माच्या नावावर मत मागणे हा भ्रष्ट आचार आहे. मुंबईतील सांताक्रूझ मतदारसंघाच्या १९९० च्या निवडणुकीतून उद्भवलेल्या अभिराम सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या घटनापीठाने २ जानेवारी २०१७ रोजी, चार विरुद्ध तीन अशा बहुमताने, ही मनाई उमेदवाराच्याच नव्हे तर मतदाराच्या धर्माच्या नावाने केलेल्या आवाहनासही लागू असल्याचे ठरवले. चर्चच्या धर्मनियमांतील २८७ वा नियमही धर्मगुरूंना राजकीय पक्षांत सक्रिय भाग घेण्यापासून सामान्यतः दूर ठेवतो.

अमेरिकेत १९५४ च्या कायद्याने करमुक्त धार्मिक संस्थांना उमेदवाराचा प्रचार करण्यास मनाई केली होती. जुलै २०२५ मध्ये तेथील करखात्याने न्यायालयात अशी भूमिका घेतली, की उपासनास्थळी आपल्या श्रद्धावंतांशी उमेदवाराविषयी बोलण्यास ही मनाई लागू होत नाही. त्यावर तेथील कॅथॉलिक बिशप परिषदेने, चर्च कोणत्याही उमेदवारास पाठिंबा देणार नाही व विरोधही करणार नाही, ही आपली भूमिका कायम असल्याचे लगेच स्पष्ट केले. दार उघडले तरी आत जायचे नाही, असे तिने ठरवले. वेदीवरून एका उमेदवाराचे नाव घेतले, की त्याच बाकावर बसलेल्या दुसऱ्या मताच्या कुटुंबाला आपण परके करतो.

याचा अर्थ गप्प बसावे असा नाही. व्यक्तीला पाठिंबा न देताही भूमिका मागता येते. धर्मग्रामातील पाणी, शाळा, दफनभूमी, रोजगार, वाड्यांवरील घरे यांविषयी प्रश्नावली तयार करावी, ती सर्व उमेदवारांना सारखीच द्यावी आणि आलेली उत्तरे, तसेच न आलेली उत्तरे, सूचनाफलकावर लावावीत. त्यात अन्यधर्मीय शेजाऱ्यांचे प्रश्नही असावेत. कारण पवनेचे पाणी आणि कुंडमळ्याचा पूल कोणत्याही एका समाजाचे नाहीत.

पुढील निवडणुकीपूर्वी

मावळच्या अनुभवातून राजकीय पक्षांनी आणि आपण मतदारांनी काही गोष्टी घ्याव्यात, असे आम्हास वाटते. पक्षांनी उमेदवारी देताना तालुक्यातील कार्यकर्त्यांचे मत गुप्त मतदानाने घ्यावे व त्याचा निकाल जाहीर करावा. २०१४ च्या प्रयोगातील उणीव दूर करून त्यात सामान्य सभासदांनाही स्थान द्यावे. जो नेता पाठिंबा जाहीर करील, त्याने तो कोणत्या तीन-चार मुद्द्यांसाठी दिला हे त्याच वेळी सांगावे. उमेदवाराने स्वीकारलेल्या मुद्द्यांवर सही करावी व मुदत लिहावी. आणि निवडून आल्यावर वर्षातून एकदा त्या कागदासह लोकांपुढे यावे.

हे सारे एकाच निवडणुकीत होणार नाही. पण प्रारंभ प्रश्न विचारण्यापासून होऊ शकतो. २०२४ मध्ये मावळच्या मतदारांनी दाखवून दिले, की नेत्यांनी परस्पर केलेली बेरीज त्यांना बांधून ठेवत नाही. ज्यांनी नेत्यांची यादी बाजूला ठेवून स्वतःचा निर्णय घेतला, त्यांना आता उमेदवाराकडून लेखी उत्तर मागणेही अवघड जाऊ नये. पवन मावळातील शेतकऱ्याने मते मागायला आलेल्या प्रत्येकास जलवाहिनीविषयी विचारावे, इंदोरीच्या पालकाने पुलाविषयी विचारावे, वाडीवरच्या मातेने घराच्या कागदाविषयी विचारावे. उत्तर लेखी मिळेपर्यंत पाठिंब्याच्या पत्रकावर नाव घालू देऊ नये.